थेरपीच्या खोलीत आई-बाबा हवेत

अडीच-तीन वर्षांचं मूल खेळण्यातली गाडी उलटी धरून तिचं चाक फिरवत बसलंय. शेजारी आई. "हा कुठला रंग? लाल! म्हण, लाल. गाडी कशी जाते? पीं पीं!" मूल पाठ फिरवतं. नंतर थेरपिस्ट याच खेळाचं चित्रीकरण आईसोबत बघते आणि एका जागी थांबवते. प्रश्नांच्या भडिमारात आई क्षणभर गप्प झाली, तेवढ्यात मुलानं चाकावरची नजर उचलून तिच्याकडे बघितलं होतं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. पुढच्या वेळी ती विचारत काहीच नाही. चाक फिरलं की नुसतं "गरगर, गरगर" म्हणते आणि वाट बघते.

ऑटिझमवरच्या (स्वमग्नतेवरच्या) ज्या थोड्या उपचारांची काटेकोर चाचणी झाली आहे, त्यांतला 'पॅक्ट' हा ब्रिटनमध्ये तयार झालेला उपचार साधारण असा चालतो. मुलाला बोलायला लावायचं नाही. ते आधीच जे खुणावतंय ते मोठ्यांना दिसायला लागलं पाहिजे.

आपल्याकडे प्रश्न असतो तो माणसांचा. तालुक्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट मिळणं मुश्कील. म्हणून गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटानं हाच उपचार तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांकडून करून पाहिला. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात पालक मुलाच्या कलानं जास्त घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली, असं दिसलं. सगळंच मात्र सुधारलं नाही. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ उलट कमी झाला. मला तरी असा निकाल 'हमखास बरं करतो' म्हणणाऱ्या जाहिरातीपेक्षा भरवशाचा वाटतो.

पालकांना शिकवायचं म्हटलं की आईला वाटतं, म्हणजे चूक माझीच. या वाटण्याला इतिहास आहे. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात जागा मिळवून दिली. पण पुढची दोन-अडीच दशकं आयांच्या 'थंडपणा'वर खापर फुटत राहिलं. १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा पुढे आला आणि तो आरोप शास्त्रात टिकला नाही. सासरी-माहेरी तो अजून टिकून आहे, ते वेगळं.

एडीएचडीत, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं जड जातं त्या अवस्थेत, टोमणा निराळा: "मोबाईलवर तासभर बसतो, मग अभ्यासालाच काय होतं?" या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे वळवणं आणि कंटाळवाण्या कामावर टिकवून धरणं त्यांना जड जातं. इथे औषधांचा उपयोग होतो. त्यांतलं मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं पेशींत परत शोषली जाण्याचा वेग कमी करतं. उत्तेजक औषधानं मूल शांत होतं, याचं नवल १९३७ सालीच वाटलं होतं. चार्ल्स ब्रॅडली हे अमेरिकी डॉक्टर मुलांची डोकेदुखी थांबावी म्हणून बेन्झेड्रिन हे दुसरं एक उत्तेजक औषध देत होते. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण काही मुलं अभ्यासाला लागली आणि त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली.

तरी दप्तर कसं भरायचं हे गोळी शिकवत नाही. एका वेळी एकच सूचना देणं, गृहपाठाचे छोटे तुकडे करणं, जमलं की तिथल्या तिथे शाबासकी देणं हे घरातल्यांनी आणि बाईंनीच करायचं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण सुचवतात.

ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही एकाच मुलात असू शकतात, आणि बऱ्याचदा असतात. निदानाच्या अमेरिकी नियमावलीत मात्र २०१३पर्यंत दोन्ही नावं एकत्र लावायला मनाई होती. त्यामुळे आज तिशीत असलेल्या कुणाच्या जुन्या फाइलीत एकच नाव असेल, तर पुन्हा तपासून घेण्यात अर्थ आहे.

थेरपी सेंटर निवडताना खोलीतले झोके, रंगीत चेंडू आणि भिंतीवरची प्रमाणपत्रं बघून झाली की एवढं विचारावं: "सेशन चालू असताना मी आत बसू का, आणि घरी काय करायचं ते मला दाखवाल का?" 'पालकांनी बाहेर थांबायचं' असं उत्तर आलं, तर त्याचं कारणही विचारावं.