रोल धुणे

रोल धुणे : कॅमेऱ्यातून काढलेल्या फिल्मवरची न दिसणारी प्रतिमा रसायनांनी उमटवून पक्की करण्याच्या क्रियेचे बोली नाव. ‘रोल धुवायला टाकलाय’ हे वाक्य सांगली-मिरजेकडे लग्नानंतर घरोघरी ऐकू येई. डिजिटल कॅमेरा आला आणि क्रियेबरोबर हे वाक्यही मागे पडले.

स्टुडिओतली डार्करूम म्हटले की लाल दिवा आठवतो, पण तो कागदावर प्रिंट काढताना चाले. रोल उघडायचा तो मिट्ट काळोखात, बोटांच्या अंदाजाने चक्रीवर चढवायचा आणि टाकीचे झाकण लावायचे. मग डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे रसायन), पाणी, हायपो (ती पक्की करणारे रसायन) आणि पुन्हा भरपूर पाणी. कृष्णधवल रोलसाठी द्रावण साधारण २० अंश सेल्सिअसवर हवे. सांगलीत ऐन लग्नसराईत, एप्रिल-मेमध्ये, नळाचे पाणीच त्याहून गरम; फिल्मवरचा, प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर मऊ पडू नये म्हणून भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागत. रंगीत रोलला उलट ३७.८ अंश आणि डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटे. इतका काटेकोरपणा हाताने जमणे कठीण, म्हणून ते काम कलर लॅबच्या यंत्रांकडे गेले. ३६ फोटोंत अक्षता, सप्तपदी आणि पाठवणी बसवणाऱ्या फोटोग्राफरला काय आले ते रोल धुतल्यावरच कळे. हे कसब कॅमेऱ्याच्या कसबाइतकेच मोलाचे होते. त्याची दखल मात्र फार कमी घेतली गेली.

पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीतच स्टीव्हन सॅसन यांनी बनवला. ०.०१ मेगापिक्सेलचे एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. कंपनीची कमाई फिल्म, कागद आणि रसायनांवर असल्याने तिने या वाटेवर जोर लावला नाही. २००३ मध्ये कॅननचा ३००डी हा डिजिटल कॅमेरा हजार डॉलरच्या आत आला, २००६ मध्ये निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेरे थांबवले आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतात ‘इंदू’ फिल्म बनवणारा उटीचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान फोटो फिल्म्स, हाही बंद पडला. रोलचा आणि धुलाईचा खर्च वाचल्याने गावोगावचे फोटोग्राफर डिजिटलकडे वळले. करिझ्मा अल्बम, म्हणजे फोटो थेट पानांवर छापलेले लग्नाचे अल्बम, संगणकावर सजू लागले.

निगेटिव्हची, म्हणजे धुतलेल्या फिल्मच्या पट्टीची, खरी किंमत पुराने दाखवली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट. अशा पुरात भिजलेली हार्ड डिस्क घरच्या घरी वाचवता येत नाही. निगेटिव्ह मात्र पाण्यातूनच आलेली असते. चिकटलेल्या पट्ट्या ओढायच्या नाहीत, तशाच वाळूही द्यायच्या नाहीत. स्वच्छ, थंड पाण्यात भिजवून त्या हलकेच सुट्या करायच्या, गाळ बोट न लावता पाण्यानेच जाऊ द्यायचा आणि पट्टी दोरीला टांगून, खालच्या टोकाला वजनासाठी आणखी एक चिमटा लावून, धूळ नसलेल्या जागी सावलीत वाळवायची.