छिन्नमनस्कता : आनुवंशिकता आणि उत्क्रांती

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा भास, भ्रम, विचारांतील विस्कळीतपणा आणि हळूहळू आटत जाणारी उमेद अशा लक्षणांचा गंभीर मनोविकार आहे. शंभरांतल्या साधारण एकाला तो आयुष्यात कधीतरी होतो. सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात होते. स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये दिले. मनोविकारांच्या आनुवंशिकतेचा सर्वांत जास्त अभ्यास ज्या थोड्या आजारांबाबत झाला, त्यांत हा अग्रभागी आहे. आणि ‘आनुवंशिक’ या शब्दाचा सर्वांत घातक गैरअर्थही याच आजाराच्या वाट्याला आला.

जुळे आणि दत्तक मुले

आजार एकाच घरात अनेकांना होतो, एवढ्यावरून तो जनुकांमुळे होतो असे म्हणता येत नाही. घरात जनुकांबरोबर अन्न, भाषा, गरिबी, भांडणे यांचाही वारसा मिळतो. हा गुंता सोडवण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली जुळ्यांची. एकबीज जुळ्यांचा जनुकसंच जवळजवळ सारखा असतो. द्विबीज जुळी सख्ख्या भावंडांइतकीच सारखी. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका जुळ्याला आजार असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण एकबीज जोड्यांत सुमारे ३३ टक्के आणि द्विबीज जोड्यांत सुमारे ७ टक्के आढळले. जुन्या अभ्यासांत पहिला आकडा ५० टक्क्यांच्या आसपास होता. दोन्हींतून निघणारा अर्थ एकच: जनुकांचा वाटा मोठा आहे, तरी तोच जनुकसंच घेऊन जन्मलेली निम्मी किंवा त्याहून अधिक जुळी भावंडे आजारी पडत नाहीत.

दुसरी वाट दत्तक मुलांची. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या अशा ४७ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या आईला छिन्नमनस्कता होती, पण ज्यांना जन्मानंतर काही दिवसांतच आईपासून दूर ठेवले गेले होते. त्यांपैकी ५ जणांना हा आजार झाला. तुलनेसाठी घेतलेल्या, तशाच वाढलेल्या ५० जणांपैकी एकालाही झाला नाही. त्या काळी आईच्या थंड, तुसड्या वागण्यामुळे मुलाला छिन्नमनस्कता होते, असे मानसोपचारातली मोठी मंडळी सांगत असत. मुलाच्या आजाराचे ओझे सोसणाऱ्या हजारो आयांवर त्या सिद्धांताने अन्याय केला. हेस्टन यांच्या ५ आणि शून्य या आकड्यांनी त्याचा पायाच खचला.

वाढीच्या वातावरणाला काहीच महत्त्व नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांनी केलेल्या दत्तक अभ्यासात, जन्मदात्या आईकडून धोका घेऊन आलेली मुले विस्कटलेल्या घरात वाढली तर त्यांच्यात छिन्नमनस्कतेच्या गटातले विकार जास्त दिसले. तशीच मुले निकोप घरात वाढली तर कमी. ज्यांना असा वारसा नव्हता, त्यांना घराच्या स्थितीने फारसा फरक पडला नाही.

‘८० टक्के आनुवंशिक’ म्हणजे काय

जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजाराचे आनुवंशिकतेचे प्रमाण साधारण ८० टक्के काढले जाते. हा आकडा जवळजवळ नेहमीच चुकीचा वाचला जातो. रुग्णाच्या मुलाला आजार होण्याची शक्यता ८० टक्के, असा त्याचा अर्थ नाही. एका रुग्णाचा आजार ८० टक्के जनुकांनी आणि २० टक्के परिस्थितीने घडवला, असाही नाही. विशिष्ट समाजात, विशिष्ट काळी, माणसामाणसांत आजाराच्या प्रवणतेत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो.

लघुदृष्टीचे उदाहरण घेतले तर हे लवकर उमगते. जुळ्यांच्या अभ्यासांत चष्म्याच्या नंबराचे आनुवंशिकतेचे प्रमाणही मोठे येते. तरीही पूर्व आशियातील शहरांत दोन-तीन पिढ्यांत लघुदृष्टी प्रचंड वाढली, कारण मुले उन्हातून उठून वह्या-पुस्तकांपुढे बसली. जनुके तीच राहिली. शिवाय आनुवंशिक असूनही ती चष्म्याने सुधारते.

प्रत्यक्ष धोका किती, हे सांगायला वेगळे आकडे लागतात. युरोपातील जुन्या कुटुंब-अभ्यासांची आयर्व्हिंग गॉट्समन यांनी १९९१ मध्ये केलेली जुळवणी अजूनही वापरली जाते: आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असल्यास मुलाला सुमारे १३ टक्के, सख्ख्या भावंडाला ९ टक्के, चुलत, आते, मामे, मावस भावंडाला २ टक्के, आणि आई-वडील दोघेही रुग्ण असल्यास सुमारे ४६ टक्के. अलीकडच्या नोंदींत यांतले बरेच आकडे कमी येतात. मुलगी पाहायला आलेले लोक ‘घराण्यात वेड आहे’ म्हणून ज्या चुलत बहिणीला नाकारतात, तिचा धोका शंभरात दोन असतो, हे सांगायलाच हवे.

जनुकांचा शोध आणि त्यातल्या चुका

१९९० नंतरची सुमारे वीस वर्षे संशोधकांनी एकेक संशयित जनुक निवडून तपासले. मेंदूतील डोपामीन या रसायनाशी संबंधित जनुकांवर शेकडो निबंध निघाले आणि त्यांतले बहुतेक निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. नमुने शे-दोनशे माणसांचे, तपासण्या अनेक, आणि छापले जात ते फक्त जुळून आलेले निकाल.

आजची पद्धत वेगळी आहे. रक्त किंवा लाळेतून डीएनए काढतात, चिपवर जनुकसंचातील लाखो ठिकाणे वाचतात, मधली ठिकाणे संदर्भ-नमुन्यांवरून भरून काढतात आणि प्रत्येक ठिकाणी रुग्ण व निरोगी यांच्यातील वारंवारता ताडून पाहतात. सुमारे दहा लाख स्वतंत्र तुलना होत असल्याने योगायोगाची नेहमीची ०.०५ ही मर्यादा दहा लाखांनी भागावी लागते. म्हणजे २ कोटींत एकापेक्षा कमी शक्यता असेल तरच निकाल ग्राह्य. दुसरी खबरदारी वंशाची. रुग्ण कोकणातले आणि निरोगी लोक विदर्भातले घेतले, तर हाती येईल तो कोकण आणि विदर्भ यांच्यातला फरक, आजाराचा नव्हे. म्हणून पूर्वजांतील भेद गणिताने वजा करावे लागतात.

या पद्धतीने २०१४ मध्ये जनुकसंचातील १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या तपासणीत ही संख्या २८७ झाली. प्रत्येक जागेचा परिणाम इवलासा, बहुधा मूळ धोक्यात त्याच्याच पाच-दहा टक्क्यांची भर घालणारा. अशा हजारो बदलांचा थोडाथोडा साठा प्रत्येक माणसात असतो. त्यात गर्भावस्थेतील आघात, गांजाचे सेवन, शहरी बालपण, स्थलांतर यांची भर पडून उंबरठा ओलांडला गेला की आजार दिसतो. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीच्या ऐन काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात हा आजार सुमारे दुप्पट आढळला.

सहाव्या गुणसूत्रावरील सी४ या जनुकाबद्दल २०१६ मध्ये महत्त्वाचा धागा हाती आला. हे जनुक मुळात रोगप्रतिकाराचे. पण किशोरवयात मेंदूतील अनावश्यक जोडण्या छाटण्यातही त्याचा हात असावा. त्याचा जास्त क्रियाशील प्रकार असणाऱ्यांत धोका थोडा अधिक असतो. छाटणी जरुरीपेक्षा जास्त झाली तर आजार या वयातच का उगवतो याचे उत्तर मिळू शकते. हा दुवा आकर्षक असला तरी एकूण धोक्यातला त्याचा वाटा लहानच आहे.

उत्क्रांतीचे कोडे

स्वीडनच्या नोंदींनुसार, छिन्नमनस्कता असलेल्या पुरुषांना इतरांच्या तुलनेत सुमारे चतुर्थांश आणि स्त्रियांना सुमारे निम्मी अपत्ये होतात. एवढा तोटा असूनही नैसर्गिक निवडीने हा आजार का पुसला नाही?

जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली, एर्न्स्ट मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये सुचवले की रुग्णाच्या निरोगी नातेवाइकांना काही लाभ होत असावा. कल्पना सुंदर, पण आकडे साथ देत नाहीत. स्वीडनमध्ये रुग्णांच्या बहिणींना सरासरीपेक्षा जेमतेम २ टक्के जास्त अपत्ये होती आणि भावांना किंचित कमी. एवढ्याने रुग्णांची तूट भरून निघत नाही. प्रतिभा आणि वेड यांच्या नात्यावरची लोकप्रिय विधानेही या हिशेबापुढे उणी पडतात.

अधिक पटणारे उत्तर दुहेरी आहे. मोठा परिणाम करणारे बदल दुर्मीळ असतात. निवड त्यांना गाळते आणि नवी उत्परिवर्तने त्यांची जागा भरतात. प्रत्येक बाळात आई-वडिलांत नसलेली सुमारे ६० ते ७० नवी उत्परिवर्तने असतात आणि वडिलांचे वय वाढते तशी ती वाढतात. लहान परिणामाचे बदल मात्र निवडीच्या चाळणीतून निसटतात. ढोबळ हिशेब असा: एखादा बदल धोका १ टक्क्यावरून १.१ टक्क्यावर नेत असेल, तर तो बाळगणाऱ्या हजारांत फक्त एक जास्त माणूस आजारी पडतो. रुग्णाची अपत्ये दोन-तृतीयांशाने घटतात असे धरले, तरी असा बदल ५० टक्के वारंवारतेवरून २५ टक्क्यांवर यायला सुमारे १,७०० पिढ्या, म्हणजे चाळीस हजारांहून अधिक वर्षे लागतील. तोवर नवे बदल येतच राहतात.

हाच हिशेब न कळल्याने, किंवा कळून न घेतल्याने, काय घडले हे नोंदवणे आवश्यक आहे. म्युनिकचे मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट रूडिन यांनी १९१६ मध्ये या आजाराचा पहिला मोठा कुटुंब-अभ्यास प्रसिद्ध केला. १९३३ च्या नाझी निर्बीजीकरण कायद्यामागच्या प्रमुख तज्ज्ञांत ते होते. त्या कायद्यान्वये सुमारे ४ लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली आणि छिन्नमनस्कता हे त्यातले एक प्रमुख निदान होते. पुढे मनोरुग्णालयांतील हजारो रुग्णांना वायूने मारण्यात आले. युद्धानंतर जर्मनीत आजार होताच. धोका वाढवणारे बदल साऱ्या लोकसंख्येत पसरलेले असतात आणि बहुसंख्य रुग्ण निरोगी आई-वडिलांच्या पोटी जन्मतात.

तपासणीचा उपयोग कुठे

हजारो बदलांची बेरीज करून काढलेला बहुजनुकीय गुण आज प्रवणतेतील फरकाचा सुमारे ७ टक्के भाग सांगतो. तोही मुख्यतः युरोपीय वंशाच्या नमुन्यांवर बेतलेला असल्याने भारतीयांत त्याची अचूकता घटते. निदानासाठी, लग्न जुळवताना किंवा भविष्य सांगण्यासाठी तो वापरू नये.

एका ठिकाणी मात्र जनुकीय तपासणी खरोखर उपयोगी पडते. बावीसाव्या गुणसूत्रावरील २२क्यू११.२ हा डीएनएच्या सुमारे ३० लाख अक्षरांचा तुकडा गळालेला असेल, तर दर चारांपैकी जवळपास एकाला मनोविकृती, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, होते. बहुतेकदा ही गळती आई-वडिलांत नसते. रुग्णाला जन्मजात हृदयदोष, टाळूतला दोष किंवा नाकात बोलणे, रक्तात कॅल्शियमची कमतरता, शिकण्यातली अडचण यांपैकी काही असेल तर तिचा संशय घ्यावा. साध्या गुणसूत्र-चित्रणात ती सहसा दिसत नाही. मायक्रोअ‍ॅरे, म्हणजे गळालेले बारीक तुकडे टिपणारी चिपवरची तपासणी, किंवा त्या जागेची खास चाचणी मागावी लागते. निदान झाल्यावर उपचारही बदलतात: कॅल्शियम ठरावीक काळाने तपासले जाते, आणि क्लोझापीन हे छिन्नमनस्कतेवरचे औषध द्यायचे झाल्यास फिट येण्याचा धोका जास्त असल्याने मात्रा कमी ठेवून हळूहळू वाढवतात.