सायकलच्या चेनचं वंगण: एरंडेलापासून मेणापर्यंत

मे महिना संपत आला की साताऱ्यातल्या सायकलवाल्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: आता चेनला कोणतं तेल? यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणारे, रोज पहाटे सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत फेरी मारणारे आणि नुकतीच गिअरची सायकल घेतलेली कॉलेजची मुलं, सगळ्यांना हा प्रश्न पडतो. दुकानाच्या फळीवर 'ड्राय' आणि 'वेट' असे शिक्के असलेल्या छोट्या बाटल्या असतात, शेजारी मेणाची पाकिटं, मोटरसायकलच्या चेनचे स्प्रे, आणि खाली फिटरच्या पायाशी त्याची तेलाची बुधली. बाटलीभर तेलासाठी काहीशे रुपये द्यायचे म्हटल्यावर माणूस विचारणारच की घरातलं शिलाई मशीनचं तेल का चालू नये.

या प्रत्येक बाटलीचा जन्म वेगळ्या काळात आणि वेगळ्या गरजेतून झाला आहे. ती गरज कळली की निवड बरीच सोपी होते, म्हणून जरा मागे जाऊ.

पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं चिमुकलं, अशा जुन्या सायकलींना चेन नव्हतीच. पायंडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असे, त्यामुळे तेल लागे ते फक्त बेअरिंगना. चेनच्या तेलाचा खरा इतिहास १८८० मध्ये सुरू होतो. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि मँचेस्टरमध्ये कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवणारे हान्स रेनॉल्ड यांनी त्या वर्षी बुश आणि रोलर असलेल्या चेनचं पेटंट घेतलं. पुढे १८८५ मध्ये कव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या आकाराची दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन अशी 'रोव्हर' सायकल आणली. आपण आजही चालवतो ती मूळ तीच.

रेनॉल्ड यांची कल्पना इथे नीट समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कडीच्या आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक छोटी नळी दाबून बसवलेली असते, तिला बुश म्हणतात. बुशमधून पिन जाते आणि बुशच्या बाहेरून रोलर फिरतो. कडी चाकीच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या, दातांवर चढताना आणि दातांवरून उतरताना पिन बुशमध्ये काही अंशच वळते, पण त्या क्षणी चालवणाऱ्याच्या पायाचा सगळा जोर त्या जागेवर असतो. गती कमी आणि दाब प्रचंड. म्हणजे चेन झिजते ती आत. बाहेरून चकाकणाऱ्या पट्ट्यांना वंगणाची फारशी गरज नसते, गंज चढू नये एवढंच पुरतं. साध्या सायकलच्या चेनमध्येही अशा शंभराहून जास्त पिना असतात आणि प्रत्येक पिनेपाशी तेल अगदी अरुंद फटीतून पोचवावं लागतं. 'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलेलं नसतं. शंभर पिनांची केसभर झीज एकत्र होऊन चेन लांब झालेली असते.

ही नवी सायकल आपल्याकडे फार लवकर आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात भावाच्या, रामूअण्णांच्या साथीने सायकलचं दुकान काढलं. त्याच उद्योगातून पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात. आपल्या भागातल्या यंत्रउद्योगाच्या मुळाशी सायकल दुरुस्ती आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. यंत्राला जपायचं कसं हे आपल्याकडे कारखान्याच्या आधी सायकलने शिकवलं.

तेल घालण्याची समज मात्र त्याच्याही आधीची. बैलगाडीच्या आखाला घालायचं वंगण आपले लोक एरंडेलात काजळी किंवा राख कालवून करत. एरंडेल इतर तेलांपेक्षा कितीतरी दाट असतं आणि धातूला धरून राहतं. काजळीने ते आणखी घट्ट होतं, ओघळत नाही. हे गावठी ज्ञान होतं, पण कच्चं नव्हतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांना एरंडेलच घालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. 'कॅस्ट्रॉल' हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून पडलं आहे.

तिकडे युरोप-अमेरिकेत पहिल्या चेनवाल्यांकडे प्राण्यांची चरबी, देवमाशाचं तेल आणि ग्रॅफाइट होतं. चेन काढून चरबी आणि ग्रॅफाइटच्या गरम मिश्रणात बुडवायची पद्धतही त्या काळातलीच. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक यांची तेलविहीर लागली आणि खनिज तेल स्वस्त होत गेलं. वनस्पती तेलासारखं ते हवेत चिकट होत नाही, चरबीसारखं कुजत नाही. १८९४ मध्ये न्यू जर्सीचे जॉर्ज कोल यांनी खास सायकलसाठी 'थ्री-इन-वन' तेल बाजारात आणलं. साफ करणं, वंगण देणं आणि गंज रोखणं, अशी तीन कामं म्हणून हे नाव. आज ते बिजागऱ्यांना घालतात, पण त्याचा जन्म चेनसाठी झाला.

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने विचार झाला. पाऊस आणि चिखल बाहेर ठेवता आले तर कोणतंही साधं तेल टिकेल, मग चेनच झाकून टाकू. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन यांच्या सनबीम सायकलींना पूर्ण बंद चेनकेस असे आणि आत तेल भरलेलं असे. त्याला 'छोटं तेलस्नान' अशा अर्थाचंच नाव होतं. चेनच्या देखभालीवर इतका पक्का उपाय त्यानंतर झाला नाही असं माझं मत आहे. वजन वाढतं आणि मागचं चाक काढताना हात काळे होतात, एवढीच त्याची किंमत.

आपल्या आजोबांच्या काळ्या सायकली याच घराण्यातल्या. आधी विलायती, मग १९३९ ची मुंबईची हिंद सायकल, १९४९ मध्ये मद्रासची टीआय, १९५१ मध्ये सोनिपतची ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाची हिरो. सांगलीत माझे आजोबा हळदीच्या बाजारात दिवाणजी होते. त्यांच्या सायकलला फुल चेनकव्हर होतं. त्यात तेल भरलेलं नसे, पण ऊस वाहणाऱ्या गाड्यांनी रस्त्यावर सांडलेला काळा चिखल आत जात नसे. वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आधी, सायकल फिटरकडे जायची. त्या कामाला आपल्याकडे सगळेच 'ओव्हरऑइल' म्हणतात. मूळ शब्द 'ओव्हरहॉल', म्हणजे सगळं खोलून, धुऊन, पुन्हा जोडणं. बोलण्यात त्याचं 'ऑइल' झालं आणि माझ्या मते शब्दाबरोबर कामही थोडं बदललं. खोलून धुणं मागे पडलं, वरून भरपूर तेल ओतणं पुढे आलं. चेनकव्हर होतं तोवर हे खपून गेलं. पूजेच्या दिवशी झेंडूची माळ घातलेली ती सायकल आणि कव्हराखालून ठिबकलेला तेलाचा एक थेंब मला अजून दिसतो.

घरातली तेलंही चेनवर पडत. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, म्हणजे पौषातल्या पहाटे चेनवर चक्क पांढरा थर. करडईचं तेल तर मीच घातलं होतं, सातवीत असताना. करडई हे वाळणारं तेल आहे. जवसासारखंच हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं, म्हणून ते रंगांतही वापरतात. दिवाळीपर्यंत माझी चेन व्हार्निश लावल्यासारखी झाली होती आणि काही कड्या वळेनात. आजोबा रागावले नाहीत. रॉकेलच्या डब्यात चेन टाकून ती मलाच धुवायला लावली. विहिरींवर कूपर आणि किर्लोस्करची इंजिनं आली तशी गावोगाव इंजिन ऑइलही आलं, आणि त्यामागे त्याचं सर्वांत वाईट रूप, गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल. ते फुकट मिळतं म्हणून आजही घालतात. त्यात काजळी, धातूचे कण आणि इंजिनात तयार झालेली आम्लं असतात. चेनच्या आत ते जाऊ नये.

गिअर आल्यावर सगळं चित्र बदललं. चेन एका चाकीवरून दुसरीवर सरकवायची तर बंद कव्हर ठेवता येत नाही. उघडी चेन, तीही बारीक: आठ गिअरच्या चेनची बाहेरची रुंदी ७ मिलिमीटरच्या आसपास, अकरा गिअरची साडेपाच. १९८० च्या आसपास चेनमधली वेगळी बुश जाऊन तिचं काम आतल्या पट्ट्यांच्या वळवलेल्या कडाच करू लागल्या. मधे फट राहिल्याने तेल पिनेपर्यंत सहज पोचू लागलं, पण त्याच वाटेने धूळही पोचू लागली. आजच्या बाटल्यांची गर्दी या उघड्या चेनमुळे आहे.

त्या गर्दीतल्या काही गोष्टी सायकलच्या नाहीतच. काही तेलांत मिसळलेलं टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, १९३८ मध्ये ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना अनपेक्षितपणे सापडलं. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये सॅन डिएगोत तयार झालं, पाणी हटवण्यासाठी. नावातला आकडाच सांगतो की चाळिसाव्या खेपेला ते जमलं. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला आणि मळ सैल करायला ते उत्तम, पण मागे उरणारा थर इतका पातळ असतो की त्यावर घाट चढू नये. मोटरसायकलचे स्प्रेही वेगळ्या चेनसाठी असतात. तिथल्या बऱ्याच चेनमध्ये आतलं ग्रीस रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं आणि स्प्रे त्या रिंगा व रोलर जपण्यासाठी असतो. सायकलच्या चेनला रिंगा नसतात. दाट स्प्रे वरच बसतो आणि धूळ गोळा करतो.

या विषयावरचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम १९९९ चं आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी चेनमध्ये किती शक्ती वाया जाते ते मोजलं. चेन ९८.६ टक्क्यांपर्यंत कार्यक्षम निघाली, आणि स्वच्छ प्रयोगशाळेत वंगण बदलून फारसा फरक पडला नाही. स्पायसर यांनी काढलेला अर्थ असा की वंगणाचं मोठं काम जागा अडवून ठेवणं हे आहे, म्हणजे तिथे घाण शिरत नाही. पुढे २०१० च्या दशकात जेसन स्मिथ यांच्या फ्रिक्शन फॅक्ट्स या चाचणी-प्रयोगशाळेने वेगवेगळी वंगणं मोजली तेव्हा साधं पॅराफिन मेण वरच्या क्रमांकांत आलं आणि गरम मिश्रणात चेन बुडवण्याची जुनी पद्धत पुन्हा जिवंत झाली. मेण थंड झालं की कोरडं होतं, त्याला धूळ चिकटत नाही.

आता हे सगळं आपल्या जिल्ह्यात आणून ठेवलं की बाटल्यांवरचे शिक्के बोलू लागतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. तिकडे सांगलीत जत-आटपाडीही तसेच कोरडे. म्हणून इंग्लंडच्या पावसासाठी केलेलं चिकट 'वेट' तेल जुलैत यवतेश्वरला योग्य आहे आणि तेच तेल मार्चमध्ये माणमधल्या दहिवडीच्या रस्त्यावर घातलं तर दोन दिवसांत व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं होतं. कासच्या बाजूची जांभ्याची लाल धूळ असो की कृष्णाकाठची काळी माती, तेलात मिसळली की ती पिना कापते.

माझी पद्धत सांगतो. दसऱ्यापासून मे अखेरपर्यंत मेण, किंवा मेणाचं 'ड्राय' तेल. मेण घालण्याआधी चेनवरचं कारखान्याचं ग्रीससुद्धा पूर्ण धुवावं लागतं, नाहीतर मेण धरत नाही. वितळवताना भांडं थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, मेण पेट घेऊ शकतं. एकदा घातलेलं कोरड्या रस्त्यावर काहीशे किलोमीटर जातं. 'ड्राय' तेल असेल तर रात्रीच घालून ठेवायचं, म्हणजे त्यातला पातळ द्रव उडून जातो आणि सकाळी आत वंगण उरतं. पावसाळ्यात मेण गडबडतं. ते वाहत नाही, त्यामुळे एकदा धुऊन गेलेल्या जागी परत येत नाही आणि दुसऱ्या दिवशी कडीवर गंज दिसतो. जून ते सप्टेंबर मी 'वेट' तेलच वापरतो. शिलाई मशीनचं तेल अडीनडीला चालतं, आत छान शिरतं, पण पातळ असल्याने लवकर जातं. आजोबांच्या सायकलसारखी कव्हरवाली साधी सायकल असेल तर कोणतंही स्वच्छ, दाट खनिज तेल पुरे.

तेल कोणतंही असो, प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब, मग पायंडल उलटं फिरवत मिनिटभर थांबायचं आणि चिंधीने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. चिंधी कोरडी निघेपर्यंत पुसायचं. आणि दर दोन महिन्यांनी चेनवर फूटपट्टी धरायची. कडीचं माप अर्धा इंच, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. चोविसाव्या कडीच्या शेवटची पिन १२ इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेली की चेन बदलायची. एक अष्टमांशापर्यंत थांबलं तर मागच्या चाक्यांचे दातही गेलेले असतात, आणि चेनपेक्षा त्याच महाग पडतात.