फोटॉन नदीखालून, निरोप नदीवरून

व्हिएन्ना शहरात डॅन्यूब नदीच्या तळाखालून सांडपाण्याचा एक बोगदा जातो. व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी या बोगद्यातून 800 मीटर ऑप्टिकल फायबर टाकली आणि नदीच्या दोन्ही काठांवर एकेक प्रयोगशाळा थाटली. रुपर्ट उर्सिन, अंतोन झाइलिंगर आणि त्यांचे सहकारी एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एकाच कणाची, अवस्था अलीकडून पलीकडे 'टेलिपोर्ट' करू पाहत होते. ते जमलं आणि 2004 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापूनही आलं. (फायबरसाठी गटार का, तर शहराखालून जाणारा आयता रस्ता तोच. आपल्याकडे असं काही करायचं ठरलं, तर सगळ्यात आधी उंदरांचा बंदोबस्त करावा लागेल.)

टेलिपोर्टेशन हा शब्द एवढा भारी आहे की त्याच्यापुढे बाकी सगळं झाकोळून जातं. या प्रयोगात आणखी एक वस्तू होती, दिसायला अगदी सामान्य: नदीच्या वरून, हवेतून संदेश पाठवणारा मायक्रोवेव्हचा बिनतारी दुवा. हा दुवा बंद असता तर पलीकडच्या काठावर पोहोचलेल्या फोटॉनचं नेमकं काय करायचं, हे तिथल्या उपकरणाला कळलंच नसतं. बिनतारी संदेशवहन आणि क्वांटम माहितीशास्त्र (फोटॉनसारख्या सूक्ष्म कणांचे नियम वापरून माहिती हाताळण्याचं शास्त्र) एकाच प्रयोगशाळेत का नांदतात, असं कुणी विचारलं की मला हा दुवा आठवतो.

आता मुळात होतं काय ते पाहू. प्रकाशाच्या लहरीला डोलण्याची एक दिशा असते. उभी, आडवी, तिरकी, कशीही. याला ध्रुवीकरण म्हणतात. एका फोटॉनची ही दिशा आपल्याला माहीत नाही, पण ती जशीच्या तशी दूरच्या फोटॉनवर उतरवायची आहे. मोजून कळवावं, तर मोजल्याबरोबर मूळ अवस्था बिघडते. आधी नक्कल काढून ठेवावी, तर अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे 1982 सालीच सिद्ध झालं आहे. दोन्ही वाटा बंद.

तिसरी वाट 1993 साली चार्ल्स बेनेट, जिल ब्रासार आणि आणखी चौघांनी कागदावर दाखवली. त्यासाठी फोटॉनांची एक 'गुंतलेली' जोडी लागते. (इंग्रजीतल्या एन्टँगलमेंटला मराठीत काय म्हणावं याचा घोळ अजून मिटलेला नाही. 'गुंतवणूक' हा चांगला शब्द बँकांनी आधीच पळवला.) अशा जोडीतल्या कुठल्याही एका फोटॉनला स्वतःची अशी दिशा नसते, पण दोघांमधलं नातं पक्कं असतं. कोणत्याही कोनातून मोजा, दोघे एकमेकांच्या उलट निघतात. यातला एक फोटॉन आपल्याकडे ठेवायचा, दुसरा पलीकडे पाठवायचा.

मग अलीकडच्या काठावर अज्ञात फोटॉन आणि जोडीतला आपल्याकडचा फोटॉन एकत्र आणून एकच प्रश्न विचारायचा: तुमचं एकमेकांशी नातं काय? कोण कुठल्या दिशेला डोलतोय, हे विचारायचंच नाही. जुना दोन पारड्यांचा तराजू आठवा. दोन्हीकडे एकेक पुडी ठेवली आणि काटा मधोमध राहिला, तर दोन्ही पुड्या सारख्या हे कळतं. वजन किती ते कळत नाही. इथेही तसंच. उत्तर 'उलट' असं आलं, तर हिशेब सोपा आहे. अज्ञात फोटॉन आपल्याकडच्याच्या उलट, आपल्याकडचा पलीकडच्याच्या उलट. उलट्याचा उलटा म्हणजे सुलटा. पलीकडचा फोटॉन मुळासारखाच झालेला असतो, आणि मुळातल्या फोटॉनची ती अवस्था तेवढ्यात पुसली गेलेली असते.

गोम अशी की या प्रश्नाला शक्य उत्तरं चार आहेत आणि चारही सारख्याच संभवाची. बाकीच्या तीन उत्तरांना पलीकडच्या फोटॉनची दिशा ठरावीक प्रकारे फिरवून घ्यावी लागते. कोणतं उत्तर आलं हे कळल्याशिवाय तो फोटॉन म्हणजे निव्वळ गोंधळ आहे, त्यातून काहीही वाचता येत नाही. चारांतलं एक उत्तर कळवायला दोन बिट, म्हणजे 0 किंवा 1 असे दोन अंक, पुरतात, आणि ते दोन बिट कुठल्याही साध्या संदेशासारखेच, प्रकाशाच्या वेगाच्या मर्यादेत जातात. टेलिपोर्टेशनने आइन्स्टाइनला खोटं पाडलं असं सांगणाऱ्या चित्रफिती बघताना हे दोन बिट ध्यानात ठेवावेत.

व्हिएन्नाच्या उपकरणाला चारपैकी दोनच उत्तरं ओळखता येत होती. एका उत्तराला काही करायचं नव्हतं. दुसऱ्याला पलीकडच्या काठावरच्या स्फटिकावर विजेचा उच्च दाबाचा झटका देऊन फोटॉनची अवस्था दुरुस्त करायची होती, आणि त्यासाठी निरोप फोटॉनच्या आधी तिथे पोहोचायला हवा होता. या शर्यतीचं गणित मला फार आवडतं. काचेत प्रकाश मंदावतो, सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटरपर्यंत. म्हणजे फायबरमधल्या 800 मीटरना सुमारे 4 मायक्रोसेकंद लागतात. नदीवरचं सरळ अंतर 600 मीटर, आणि हवेत मायक्रोवेव्ह धावतात जवळजवळ 3 लाख किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे 2 मायक्रोसेकंद. उपकरणांचा उशीर वजा जाता निरोप दीड मायक्रोसेकंद आधी दारात हजर. वऱ्हाड यायच्या आधी वर्दी पोहोचावी, तसा.

इथे कुणालाही शंका येईल: निरोप रेडिओने जातो, तर तो क्वांटम फोटॉनही रेडिओलहरींवरच का पाठवू नये? मोबाइल, वाय-फाय सगळं त्यावरच तर चालतं. अडचण उष्णतेची आहे. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनमध्ये जेवढी ऊर्जा असते, त्याच्या सुमारे दीड लाख पट ऊर्जा 800 नॅनोमीटरच्या अवरक्त फोटॉनमध्ये असते. आपल्या खोलीतल्या भिंती, टेबल, आपण स्वतः, सगळेच साध्या तापमानाला मायक्रोवेव्ह सोडत असतो. हिशेब केला तर 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीच्या प्रत्येक रूपात या उष्णतेचे अडीच हजारांच्या आसपास फोटॉन आधीच ठाण मांडून बसलेले असतात. त्यांत आपला एक ओळखायचा कसा? वाय-फायला याची फिकीर नसते, कारण ते एकेका बिटासाठी अगणित फोटॉन उधळतं. अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत मात्र खोली जवळजवळ संपूर्ण काळोखी असते. तिथे एकटा फोटॉनही उठून दिसतो.

मायक्रोवेव्हच हवे असतील तर सगळी वाटच गार करावी लागते. झुरिकच्या 'इटीएच' या तांत्रिक विद्यापीठात तेही करून झालं. अतिसंवाहक (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या) परिपथांचे दोन संच 30 मीटरच्या नळीने जोडले आणि ती अख्खी नळी निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअसच्या, अगदी जवळ थंड केली. त्यात 1.3 टन तांबं आणि 14,000 स्क्रू लागले. हे काम 2023 साली प्रसिद्ध झालं. तीस मीटर म्हणजे चाळीतल्या एका टोकाच्या खोलीपासून दुसऱ्या टोकापर्यंत.

व्हिएन्नाच्या मंडळींनी प्रकाशाचीच कास धरली, पण फायबर सोडून ते मोकळ्या हवेत उतरले. अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा आणि तेनेरिफे इथल्या वेधशाळांमध्ये समुद्रावरून 144 किलोमीटरचं अंतर आहे. दोन्ही वेधशाळा सुमारे 2,400 मीटर उंचीवर आहेत. 2007 साली त्यांनी गुंतलेल्या जोडीतला एक फोटॉन या समुद्रावरून पाठवला आणि 2012 साली टेलिपोर्टेशनही करून दाखवलं. पलीकडे युरोपीय अवकाश संस्थेची 1 मीटर व्यासाची दुर्बीण त्या फोटॉनांची वाट पाहत होती. हे अंतर मुद्दाम निवडलं होतं. इतकी हवा ओलांडता आली, तर सरळ वर उपग्रहापर्यंत जाणं त्या मानाने सोपं, कारण वर जाताना दाट हवेचा थर थोडक्यात संपतो.

उपग्रह मात्र चीनने आधी उडवला. पान जियानवेई हे झाइलिंगरांचेच विद्यार्थी, 1997 च्या पहिल्या टेलिपोर्टेशन प्रयोगातले सहकारी. त्यांच्या गटाचा 'मिसियस' उपग्रह ऑगस्ट 2016 मध्ये अवकाशात गेला. सप्टेंबर 2017 मध्ये त्याच्या मदतीने बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात व्हिडिओ कॉल झाला. एका टोकाला चिनी विज्ञान अकादमीचे अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रियन अकादमीचे अध्यक्ष म्हणून खुद्द झाइलिंगर.

उपग्रहाने चीनवरून जाताना लेझरने एक गुप्त किल्ली (संदेश कुलूपबंद करायला वापरायची 0 आणि 1 ची गुप्त मालिका) खाली दिली, ऑस्ट्रियावरून जाताना दुसरी. मग दोन्ही किल्ल्यांची सरमिसळ करून ती साध्या रेडिओने उघडपणे जाहीर केली. दोहोंपैकी एक किल्ली हाताशी असल्याशिवाय त्या सरमिसळीचा कुणाला काहीच उपयोग नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांनी खुशाल ऐकावी. बैठक सुमारे 75 मिनिटं चालली. चित्र आणि आवाज नेहमीच्या केबलमधून गेले, दर सेकंदाला नवी किल्ली लावून. एकूण माहिती गेली साधारण 2 गिगाबाइट. क्वांटम किल्ली खर्च झाली 560 किलोबिट, म्हणजे 70 किलोबाइट. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'शुभ प्रभात'च्या एखाद्या चित्राएवढी.