रेटा : गर्दीच्या शास्त्राची पार्श्वभूमी, बेळगावातून पाहिलेली

अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपत गल्लीत शिरलं की एका ठिकाणी चालणं संपतं आणि सरकणं सुरू होतं. पाऊल आपण टाकत नाही, मागचा रेटा ते टाकून घेतो. लहान मूल खांद्यावर घ्यायचं, चप्पल निसटली तर वाकायचं नाही, हे आमच्याकडे घरोघरी शिकवलेलं असतं. खानापूर, निपाणी, चंदगडहून देखावे बघायला आलेल्यांनाही ते ठाऊक असतं. पण हा रेटा येतो कुठून, तो कधी जिवावर उठतो, याचा पद्धतशीर अभ्यास जगात गेली साठ-सत्तर वर्षं चालू आहे. आपल्या गल्ल्यांच्या संदर्भात मात्र त्याची चर्चा क्वचित होते.

बेळगावला गर्दी नवी नाही. १९०५ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसला, असं बेळगावकर अभिमानाने सांगतात. पुढे डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे यांनी तिथे विजयनगर नावाची तंबूंची वस्ती उभारली, पाण्यासाठी विहीर खणली, आणि डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलाचे स्वयंसेवक जागोजागी उभे केले. पाणी, वाट आणि वाट दाखवणारा माणूस या तिन्हींची तजवीज गर्दी येण्याआधी झाली होती. मला हे अधिवेशनातल्या भाषणांइतकंच मोलाचं वाटतं.

या शास्त्राची मुळं दुःखात आहेत. जून १८८३ मध्ये इंग्लंडातल्या संडरलँड इथे व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ होता. शेवटी बक्षिसं वाटायला सुरुवात झाली, तशी गॅलरीतली मुलं जिन्याने खाली धावली. खालच्या दाराला अशी कडी घातलेली होती की फट एका वेळी एकाच मुलाला पुरावी. त्या जिन्यात १८३ मुलं चेंगरून दगावली. त्यानंतर दारं बाहेर उघडणारी हवीत, आतून नुसत्या ढकलण्याने ती उघडली पाहिजेत, हा विचार रुजला. सिनेमागृहात दाराला आडवा दांडा असतो, त्यामागे ही मुलं आहेत.

दारापासून वाटेपर्यंत यायला मात्र बराच काळ गेला. १९५८ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत बोळातून दर मिनिटाला किती माणसं जातात ते मोजलं गेलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन फ्रुइन यांनी पादचाऱ्यांसाठी मोजपट्टी तयार केली. रस्त्यावरच्या वाहतुकीला लावतात तशा ‘ए’ ते ‘एफ’ अशा सहा पायऱ्या त्यांनी पादचाऱ्यांना लावल्या. पहिल्या पायरीवर माणशी सव्वातीन चौरस मीटरहून जास्त जागा, शेवटच्या पायरीवर अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी. आणखी दाटी होऊन एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं आली, की गर्दी पाण्यासारखी वागू लागते, हेही त्यांनीच सांगितलं. मग तिच्यातून लाटा जातात आणि माणूस उचलला जाऊन दूर फेकला जातो.

अशा वेळी माणसं बहुतेकदा तुडवली जाऊन मरत नाहीत. छातीवर इतका दाब येतो की श्वास घेता येत नाही, आणि माणूस उभ्या उभ्या जातो. इंग्रजी वर्तमानपत्रं यासाठी ‘स्टॅम्पीड’ लिहितात. मूळचा तो शब्द बिथरून धावणाऱ्या गुराढोरांचा, त्यात दोष पळणाऱ्यांवर जातो. आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द जास्त खरा आहे. त्यात चेंगरणं आहे, पळणं नाही.

१९९५ मध्ये डर्क हेलबिंग आणि पीटर मोलनार यांनी गर्दी गणितात मांडली. प्रत्येकाला आपलं ठिकाण ओढतं, दुसऱ्या माणसापासून आणि भिंतीपासून तो अंग चोरतो. एवढ्या दोन गोष्टी संगणकाला सांगितल्या तरी समोरासमोरून येणाऱ्यांच्या आपोआप रांगा पडतात. रविवार पेठेत दिवाळीच्या आठवड्यात अशा रांगा कोणीही पाहाव्यात. कोणी सांगितलेलं नसतं, पण लोक पुढच्याच्या पाठोपाठ वाट काढतात. २००० सालच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. अरुंद दारातून सगळ्यांनी घाई केली तर बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो, कारण खांद्याला खांदा अडकून दारात कमान धरते.

ही आकडेवारी बहुतेक पाश्चात्त्य शहरांतली. म्हणून २००९ मधलं काम आपल्यासाठी मोलाचं आहे. त्यात जर्मन आणि भारतीय माणसांना एकेरी रांगेत चालवून तुलना केली. भारतीय जवळजवळ चालतात आणि दाटी वाढली तरी त्यांचा वेग जर्मनांइतका उतरत नाही, असं दिसलं. दाटीची आपल्याला सवय आहे. माझ्या मते धोकाही तिथेच आहे: दाटी किती झाली हे आपल्याला उशिरा जाणवतं.

मांढरदेवची जानेवारी २००५ मधली दुर्घटना आपल्याकडे अजून विसरलेली नाही. अरुंद चढण, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि तीनशेच्या घरात मृत्यू. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला जाणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला हे वर्णन परकं वाटणार नाही. २०१४ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जत्रा-मेळ्यांतल्या गर्दीसाठी मार्गदर्शिका काढली. तरीही ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाच्या दारांबाहेर ११ जण चेंगरून दगावले. मैदानात जागा साधारण पस्तीस हजारांची, आणि दारांशी आलेले लोक त्याच्या कितीतरी पट. त्यानंतर राज्य सरकारने गर्दी नियंत्रणाचं विधेयक आणलं. विधेयकात परवानग्या आणि शिक्षा आहेत. त्या हव्यातच, पण गल्लीची रुंदी परवानगीने वाढत नाही.

भारतीय रस्ते काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१२ च्या मानकांप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. खडे बाजारात शनिवार खुटाकडे जाताना हातगाडी, दुचाकी आणि दुकानाबाहेर मांडलेला माल वजा केल्यावर काय उरतं, ते बाजारात जाणाऱ्याला माहीत आहे. विसर्जनाला हेच रस्ते ढोल-ताशा, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बघे यांच्यात वाटले जातात, आणि सगळ्यांना शेवटी कपिलेश्वर तलावाकडेच जायचं असतं.

मोजायला फार काही लागत नाही. गल्लीच्या सर्वांत अरुंद जागी चुन्याची एक रेघ, गच्चीवर दोन कार्यकर्ते, एकाकडे घड्याळ, दुसऱ्याकडे वही. मिनिटाला रेघ ओलांडणारी माणसं मोजायची आणि मोकळ्या वाटेच्या मीटरमधल्या रुंदीने भागायचं. फ्रुइन यांच्या हिशेबात दर मीटरला मिनिटाला ऐंशीच्या आसपास माणसं ही सपाट वाटेची कमाल आहे. मागून येणारे त्याहून जास्त असतील, तर मागच्या चौकातच लोकांना थोपवून दुसऱ्या गल्लीने वळवायला हवं. मंडळांकडे मुलं आहेत, गच्च्या आहेत, आणि विसर्जनाआधी दहा दिवस हाताशी असतात.