प्राचीन इस्राएलातील नेतृत्वाचा वारसा आणि श्रद्धा

इस्राएलचा खरा राजा परमेश्वर, ही हिब्रू बायबलमधली मूळ धारणा आहे. त्यामुळे इस्राएल लोकांना इजिप्तमधून बाहेर काढणाऱ्या मोशेपासून इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील हासमोनी या ज्यू घराण्याच्या राज्यकर्त्यांपर्यंत प्रत्येक सत्तांतराच्या वेळी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला : हा अधिकार कोणाच्या इच्छेने पुढे जातो आहे? पुत्र, शिष्य, संदेष्ट्याने अभिषेक केलेला, लोकांनी मागून घेतलेला, तलवारीच्या बळावर आलेला, असे सर्व तऱ्हेचे वारस या परंपरेत भेटतात. यांपैकी कोणालाही केवळ रक्ताच्या किंवा बळाच्या जोरावर मान्यता मिळत नाही.

या विषयाची मुख्य साधने म्हणजे गणना, अनुवाद, यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे ही बायबलमधील पुस्तके. यांपैकी अनुवाद ते राजे या ग्रंथमालेची जुळणी प्रामुख्याने इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकांत झाली असावी, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मोशे आणि यहोशवा यांच्याविषयी बायबलबाहेरचा समकालीन पुरावा नाही. ‘इस्राएल’ हे नाव मात्र इ. स. पू. १२०८ च्या सुमारास कोरलेल्या मर्नेप्टा या इजिप्शियन राजाच्या शिलालेखात येते. ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख असलेला नवव्या शतकातील अरामी शिलालेख १९९३ मध्ये तेल दान येथे सापडला. म्हणून आरंभीच्या कथा एका समाजाने जपलेली स्वतःची स्मृती म्हणून वाचाव्यात. तो समाज स्वतःच्या पुढाऱ्यांना किती कठोरपणे जोखत होता, हे त्यांतून लख्ख दिसते.

मोशेच्या वारसाचा प्रसंग (गणना २७) पुढच्या सर्व सत्तांतरांची कसोटी ठरतो. कनान देशात आपल्याला पाऊल टाकता येणार नाही, हे कळल्यावर मोशे स्वतःसाठी काही मागत नाही. लोक मेंढपाळावाचून राहिलेल्या मेंढरांसारखे होऊ नयेत, म्हणून त्यांच्यावर कोणीतरी नेमावा, एवढेच तो देवाला विनवतो. गेर्षोम आणि अलियेजर या त्याच्या दोन मुलांचे नावही येथे निघत नाही. निवड होते ती एफ्राईम वंशातील नूनाचा मुलगा यहोशवा याची. तो तरुणपणापासून मोशेच्या सेवेत होता. मोशे त्याला याजक एलाजार आणि सर्व मंडळी यांच्यासमोर उभे करतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि आपल्या अधिकारातला काही भाग त्याला देतो. सगळा अधिकार दिला जात नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मोशे देवाशी समोरासमोर बोलत असे. यहोशवाने मात्र एलाजारासमोर उभे राहायचे आणि याजकाने उरीम या पवित्र चिठ्ठ्यांसारख्या साधनाच्या साहाय्याने कौल घ्यायचा. लष्करी नेतृत्व एकाकडे आणि दैवी निर्णय विचारण्याचे काम दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी पहिल्याच वारसापाशी झाली. याजकपद मात्र अहरोनाच्या कुळात वंशपरंपरेने चालले. होर डोंगरावर मोशेने अहरोनाच्या अंगावरची याजकीय वस्त्रे उतरवून ती एलाजाराला घातली आणि त्यानंतर अहरोन तिथेच मरण पावला.

यहोशवाने स्वतःमागे कोणालाच नेमले नाही. त्याने शखेम येथे सर्व वंशांना जमवले, कोणाची सेवा करायची ते आजच ठरवा असे सांगितले, लोकांशी करार केला आणि साक्षीसाठी एक मोठा धोंडा उभा केला. या कथेत माणसाच्या जागी करारालाच वारस केलेले आहे, आणि हा धाडसी विचार होता यात शंका नाही. त्याची किंमत शास्ते या पुस्तकात दिसते : परमेश्वराला आणि त्याने इस्राएलसाठी केलेल्या कृत्यांना न ओळखणारी दुसरी पिढी उदयाला आली, असे तिथे म्हटले आहे. नेता नसण्यापेक्षा आठवण तुटणे, हे या लेखकांना अधिक घातक वाटते.

शास्त्यांच्या काळात अथनिएल, एहूद, दबोरा, गिदोन, इफ्ताह हे संकट आले की उभे राहत. त्यांचा अधिकार वारशाने मिळालेला नसे. मिद्यानी लोकांवरील विजयानंतर लोकांनी गिदोनाला वंशपरंपरेने राज्य देऊ केले. मी किंवा माझा मुलगा तुमच्यावर राज्य करणार नाही, परमेश्वर करील, असे त्याने सांगितले. पण त्याच गिदोनाने लुटीच्या सोन्याचे एफोद (याजकीय वस्त्रासारखी पूजेची वस्तू) घडवले आणि लोक त्याच्या नादी लागले. पुढे त्याचा मुलगा अबीमलेख याने आपल्या सत्तर भावांना एकाच दगडावर ठार केले आणि तो शखेमात राजा झाला. वाचलेल्या धाकट्या योथामाने गरिज्जीम डोंगरावरून लोकांना झाडांची गोष्ट ऐकवली : जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल यांनी राजा व्हायचे नाकारले, तेव्हा काटेरी झुडूप तयार झाले. राजपदावरची इतकी जळजळीत टीका प्राचीन जगात क्वचितच आढळते.

याजक एलीची मुले यज्ञाच्या मांसावर डल्ला मारीत. संदेष्टा आणि शास्ता शमुवेल याची मुले बैरशेब्यात लाच खात. ‘तुमची मुले तुमच्या मार्गाने चालत नाहीत,’ हेच कारण पुढे करून वडीलधाऱ्यांनी शमुवेलाकडे राजा मागितला (१ शमुवेल ८). थोर बापाचे मूल थोर निघेलच असे नाही, हा अनुभव घेतलेले लोक वंशपरंपरेनेच चालणारी संस्था मागतात, हा या परंपरेतला सर्वांत मोठा अंतर्विरोध आहे. राजपदाच्या मर्यादा अनुवाद १७ मध्ये सांगितल्या आहेत : राजाने घोडे, स्त्रिया आणि सोने-रुपे यांचा साठा करू नये, नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर वाचावी.

पहिला राजा शौल याच्यानंतर त्याचा मुलगा योनाथान गादीवर यायचा, पण त्याने आपला झगा आणि शस्त्रे दावीदाला दिली. दावीद हा इशायाच्या आठ मुलांतला सर्वांत धाकटा. नाथान संदेष्ट्याने दावीदाला त्याचे घराणे कायम राहील असे वचन दिले आणि तिथून वंश आणि निवड या दोन गोष्टी एकत्र आल्या. तरी कोणता मुलगा, हे वचनात नव्हते. दावीद म्हातारपणी अंथरुणाला खिळला असताना त्याचा मुलगा अदोनीया याने सेनापती यवाब आणि याजक अब्याथार यांना हाताशी धरून एन-रोगेल झऱ्यापाशी मेजवानी मांडली. इकडे नाथान आणि शलमोनाची आई बथशेबा यांनी राजाला त्याच्या शपथेची आठवण दिली. शलमोनाला राजाच्या खेचरावर बसवून गीहोन झऱ्यावर नेण्यात आले. याजक सादोकाने परमेश्वराच्या मंडपातून आणलेल्या तेलाच्या शिंगाने अभिषेक केला, कर्णे वाजले आणि जयघोषाने जमीन दणाणली. तो गलका एन-रोगेलच्या पंगतीपर्यंत पोचला. पाहुणे घाबरून उठले आणि आपापल्या वाटेने गेले. या प्रकरणात देव स्वतः एक शब्दही बोलत नाही. शपथ, तेल, याजक आणि संदेष्टा सर्व काही आहे, पण राजवाड्यातले डावपेचही लपवलेले नाहीत. निवेदकाचा हा प्रामाणिकपणा थक्क करणारा आहे.

शलमोनाचा मुलगा रहबाम शखेमात लोकांपुढे आला तेव्हा त्यांनी जू हलके करण्याची विनंती केली. त्याने वृद्ध सल्लागारांना डावलून उद्दाम उत्तर दिले आणि इ. स. पू. ९३० च्या सुमारास राज्य दुभंगले. उत्तरेच्या राज्यात सुमारे दोनशे वर्षांत एकोणीस राजे झाले. त्यांतल्या अनेकांचे खून पडले आणि जिम्री तर सातच दिवस टिकला. संदेष्ट्याच्या शिष्याने अभिषेक केलेल्या येहूने अम्री या आधीच्या राजाच्या घराण्याचा संहार केला. असीरिया या साम्राज्याच्या काळ्या स्तंभावर मात्र त्याचा उल्लेख ‘अम्रीचा पुत्र’ असाच आहे. माझ्याकडून नव्हे तर स्वतःच यांनी राजे नेमले, ही देवाची तक्रार होशेय संदेष्ट्याने नोंदवली. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास हे राज्य संपले.

दक्षिणेत दावीदाचा वंश टिकला, पण एकदा तो एका तान्ह्या मुलावर येऊन ठेपला होता. राजमाता अथल्येने राजवंशाची कत्तल आरंभली, तेव्हा तान्ह्या योवाशाला त्याची आत्या यहोशेबा हिने उचलून सहा वर्षे मंदिरात लपवले. सातव्या वर्षी याजक यहोयादाने त्याला मुकुट घातला, कराराचा लेख हाती दिला आणि मगच राजा व प्रजा यांच्यात करार केला.

संदेष्ट्यांचा वारसा रक्ताने चालत नसे. एलीया संदेष्ट्याने शेत नांगरणाऱ्या अलीशावर आपला झगा टाकला. पुढे एलीयाच्या आत्म्याचा दुप्पट वाटा अलीशाने मागितला, जो एरवी ज्येष्ठ पुत्राचा हक्क असे. कोकणातील बेने इस्राएल समाजात हाच एलीया ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणून आजही पूजनीय आहे. नवस फेडताना आणि शुभकार्यात त्याच्या नावाने मलिदा केला जातो.

इ. स. पू. ५८६ मध्ये यरुशलेम बॅबिलोनच्या हाती पडले आणि कायमच्या घराण्याचे वचन मोडल्यासारखे झाले. स्तोत्र ८९ मधला आक्रोश त्याच वेदनेचा आहे. बॅबिलोनच्या उत्खननात मिळालेल्या मृत्तिकापट्टांवर बंदिवान राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच पुत्र यांना द्यायच्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. राजवंश जिवंत होता, सिंहासन नव्हते. बॅबिलोनमधल्या निर्वासातून लोक परतल्यावर प्रमुख याजकाचे महत्त्व वाढत गेले आणि दावीदवंशीय अभिषिक्ताची, म्हणजे देवाने निवडलेल्या राजाची, आशा भविष्यावर सोपवली गेली. इ. स. पू. १४० मध्ये लोकांच्या महासभेने हासमोनी शिमोनाला नेता आणि प्रमुख याजक अशी दोन्ही पदे कायमची दिली. तो दावीदाच्या वंशातला नव्हता. म्हणून ठरावात एक अट घातली गेली आणि ती पितळी पत्र्यांवर कोरली गेली : विश्वासू संदेष्टा उदयाला येईपर्यंत.