कोकमाच्या बाटलीत फळ किती? फळपेयांवरच्या कायद्यांची पार्श्वभूमी

उन्हाळा तापला की अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी सरबतं, सिरप आणि फळांच्या रसांचे नमुने घेतात. कोकणात त्यात कोकम आणि आंबा असायचेच. बातमी होते ती छाप्याची आणि जप्तीची. पण बाटलीत नेमकं काय चुकलं की कारवाई होते, हे कायद्यात स्पष्ट व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २७२ आणि २७३ होती. विकायच्या खाद्यपदार्थात भेसळ करून तो अपायकारक केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. माल अपायकारक ठरला तरच गुन्हा. साखर, पाणी, सायट्रिक आम्ल आणि लाल रंग कालवून ते ‘कोकम’ म्हणून विकलं, तर पिणारा आजारी पडेलच असं नाही. गिऱ्हाईक फसतं, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, गोळा करणाऱ्याचा माल पडून राहतो, पण दंड संहितेच्या लेखी काही घडलेलं नसतं.

मुंबई प्रांताने १९२५ मध्ये स्वतःचा भेसळ प्रतिबंधक कायदा केला. इतर प्रांतांचे कायदे वेगळे होते. स्वातंत्र्यानंतर भेसळ हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांनाही कायदा करता येतो अशा यादीत, आला आणि १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून देशभर लागू झाला. त्याने पाया बदलला. गिऱ्हाइकाने जे मागितलं त्या जातीची, त्या दर्जाची वस्तू मिळाली नाही, तर तीही भेसळच. शिवाय फसवं लेबल लावलेला, म्हणजे ‘मिथ्याछाप’ माल विकणं हा स्वतंत्र गुन्हा झाला.

फळपेयांसाठी त्याहून मोलाचा ठरला तो १९५५ चा फळ उत्पादन आदेश. जुन्या बाटल्यांवरचा ‘एफपीओ’ हा शिक्का याच आदेशाचा. तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली निघाला होता, परवाना केंद्राकडून घ्यावा लागे, आणि त्यात नेमके आकडे होते. स्क्वॅश किंवा सिरपमध्ये फळाचा रस किमान २५ टक्के हवा, पाणी न मिसळता थेट प्यायच्या तयार पेयात १० टक्के. विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, स्क्वॅशमध्ये किमान ४० टक्के आणि सिरपमध्ये ६५ टक्के. इतका रस नसेल तर त्याला फळाचं सिरप म्हणता येणार नाही, ‘सिंथेटिक’ म्हणावं लागेल.

यातला ६५ चा आकडा कोकणातल्या घरांना परका नाही. अमृत कोकम, म्हणजे कोकमाचं गोड सिरप, करताना रातांब्याच्या सालींवर साखरेचे थर देऊन बरणी उन्हात ठेवतात. साखर भरपूर घातली की रस आंबत नाही, वर्षभर टिकतो. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, हेच काम मीठ करतं. २५ टक्के रसाची अट मात्र घरच्या बरणीला कधी लावावी लागली नाही, कारण तिथे पाणी घालायचं कुणाच्या मनातही येत नसे.

बाजारात गेल्यावर कोकमाची खरी अडचण सुरू होते. त्याचा लाल रंग अँथोसायनिन या नैसर्गिक द्रव्यांचा असतो आणि ती उजेडात, उष्णतेत टिकत नाहीत. हायवेवरच्या टपरीत उन्हात मांडलेली खरी बाटली तपकिरी पडत जाते. शेजारी कार्मोइसिन किंवा पॉन्सो ४आर हे कृत्रिम लाल रंग घातलेली बाटली लालचुटुक राहते. पर्यटक कुठली उचलणार? हे दोन्ही रंग बेकायदा नाहीत. ठरावीक पदार्थांत, मर्यादेत, लेबलवर नोंदवून ते वापरता येतात. गुन्हा असतो तो लपवण्यात, मर्यादा ओलांडण्यात किंवा परवानगीच नसलेला रंग घालण्यात.

रंग पकडणं प्रयोगशाळेला सोपं जातं. आम्लात नमुन्याबरोबर पांढरी लोकर उकळली की कृत्रिम रंग तिला धरतो. मग तो उतरवून कागदावर वेगळा करतात. साखर तर उपकरणात थेंबभर रस टाकून क्षणात मोजता येते. फळ किती घातलं हे शोधणं अवघड, कारण साखर आणि आम्ल दोन्ही बाहेरून घालता येतात. माझ्या मते कारवाईची खरी कमजोरी इथेच आहे. रंगाची प्रकरणं उभी राहतात आणि कमी फळाची निसटतात.

जुन्या व्यवस्थेत आणखी एक भोक होतं. राज्याचा अन्न निरीक्षक भेसळ कायदा पाही, केंद्राचं कार्यालय फळ आदेश पाही. निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करी, सार्वजनिक विश्लेषकाचा, म्हणजे नमुना तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाचा, अहवाल येई, आणि आरोपी न्यायालयामार्फत केंद्रीय प्रयोगशाळेकडे दाद मागे. १९७६ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा कडक केली, पण नमुना घेण्याच्या पद्धतीत चूक निघाली की खटला ढासळायचा.

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने हे सगळं एकत्र आणलं. तो ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे अमलात आला आणि एफपीओ इतिहासजमा झाला. नमुन्याचे आता चार भाग होतात. असुरक्षित मालाचा खटला न्यायालयात चालतो. कमी दर्जाच्या मालाला पाच लाखांपर्यंत आणि मिथ्याछाप मालाला तीन लाखांपर्यंत दंड न्यायालयाबाहेर, यासाठी नेमलेला निर्णय अधिकारीच करू शकतो. नियमही थेट झाले: पेयात ठरलेलं फळ नसेल आणि चित्रामुळे वा शब्दांमुळे ते असल्याचा भास होत असेल, तर त्या फळाच्या नावापुढे ‘फ्लेवर्ड’ असं ठळक लिहायचं.

आंब्याचा प्रश्न निराळा. तयार पेयात १० टक्के फळ पुरतं, म्हणजे दोनशे ग्रॅममध्ये वीस ग्रॅम. तो गर बहुतेकदा दक्षिणेतल्या तोतापुरीचा असतो, आणि त्यात बेकायदा काही नाही. पण लेबलवर ‘हापूस’ लिहिलं की ती फसवणूक, आणि हंगामाच्या शेवटी कॅनिंगला आंबा देणाऱ्या बागायतदाराचा दर त्यानेच पडतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला २०१६ मध्ये आणि हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने नावाच्या संरक्षणाला आणखी एक कायदेशीर आधार आला.

जून २०२४ मध्ये केंद्रीय अन्न प्राधिकरणाने आटवलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून केलेल्या पेयांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा लेबल आणि जाहिरातींतून काढायला सांगितलं. हा आदेश प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या खोक्यांना लागला. कोकणातले बचत गट आणि घरगुती उत्पादक साध्या नोंदणीवर काम करतात. २०११ च्या नियमांत त्यासाठी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीची मर्यादा होती आणि शुल्क शंभर रुपये. लेबलवर घटक आणि रंग लिहिण्याची अट त्यांनाही आहे, आणि खरं फळ घालणाऱ्याला ती पाळताना लपवण्यासारखं काहीच नसतं. त्यांना हवी आहे ती जवळच्या प्रयोगशाळेत फळाचं प्रमाण तपासून मिळण्याची सोय. ती नसेल तोवर त्यांची तपकिरी बाटली आणि शेजारची लालचुटुक बाटली यांतला फरक कागदावर सिद्ध होत नाही.